नर्सिंगला जायचंय? फी भरण्याआधी या चुका टाळा

बारावीचा निकाल लागला की आमच्या सुदामा नगरच्या घरी दोन-तीन तरी आया मुलींना घेऊन येतात. मी बरीच वर्षं इंदूरच्या हॉस्पिटलांत वॉर्डात काम केलं, आता नर्सिंगच्या मुलींना शिकवते, म्हणून. हातात एखाद्या कॉलेजचं गुळगुळीत माहितीपत्रक असतं आणि प्रश्न ठरलेला: "ताई, हे कॉलेज बरं आहे ना?" खरं तर हा प्रश्न बराच नंतरचा. त्याआधी जे विचारायचं राहून जातं, त्याचा त्रास मुली पुढे चार-चार वर्षं भोगतात. म्हणून एकदा नीट लिहून काढते.

कोर्सच्या नावातच गफलत

नर्सिंग म्हणून जे जे विकलं जातं ते सगळं नर्सिंग नसतं. एएनएम (ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ) दोन वर्षांचा, जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) तीन वर्षांचा, बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं. हे केल्यावर राज्याच्या नर्सिंग कौन्सिलमध्ये नोंदणी होते. 'नर्सिंग असिस्टंट', 'जनरल ड्यूटी असिस्टंट', 'पेशंट केअर' असले सहा महिन्यांचे किंवा वर्षाचे कोर्स निराळे. त्यातलं काम प्रामाणिक आहे, त्याला मी कमी लेखत नाही. पण त्यातून नर्स म्हणून नोंदणी होत नाही, आणि नोंदणी नसेल तर सरकारी भरतीचा फॉर्मसुद्धा भरता येत नाही. एजंट हे सांगत नाही. तो म्हणतो, "एका वर्षात सिस्टर." तेव्हा पहिला प्रश्न हा विचारा: या कोर्सनंतर भोपाळच्या कौन्सिलमध्ये नोंदणी होते का, आणि कोणत्या नावाने?

एएनएमबद्दलही गैरसमज आहे. तो मुळात उपकेंद्रात, गावात, आई-बाळाच्या आरोग्यासाठी काम करणाऱ्या बाईसाठी आखलेला कोर्स आहे. तेच करायचं असेल तर फार चांगला. आयसीयूत काम करायचं मनात असेल तर मात्र ती वाट नाही.

अकरावीतच दार लागतं

बी.एस्सी. नर्सिंगला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी हवंच. पीसीबीत मिळून ४५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना पाच टक्के सूट, आणि प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला वय १७ पूर्ण. एम्सच्या बी.एस्सी. ऑनर्सला खुल्या वर्गासाठी ५५ टक्के लागतात, त्यामुळे '४५ पुरे' असं धरून अभ्यास सैल सोडू नका. सैन्याच्या मिलिटरी नर्सिंगच्या बी.एस्सी.साठी नीटचे गुण लागतात. "नीट डॉक्टर होणाऱ्यांची" म्हणून फॉर्म न भरलेल्या हुशार मुली मी पाहिल्या आहेत. फॉर्म भरून ठेवा.

आर्ट्स किंवा कॉमर्स झालंय? रडू नका. जीएनएमला बारावी कोणत्याही शाखेची चालते, इंग्रजी आणि ४० टक्के हवेत. विज्ञानाला पसंती असते इतकंच. जीएनएम, नोंदणी, मग दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. चारऐवजी पाच वर्षं लागतील, पण मधे नोकरी करता येते. ज्या घरात धाकटी भावंडं शिकायची आहेत तिथे मी हीच वाट सुचवते. एक लक्षात ठेवा: एम्सच्या नॉरसेट या नर्स-भरतीच्या परीक्षेला जीएनएमवाल्यांना किमान ५० खाटांच्या हॉस्पिटलातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. म्हणून पहिली नोकरी बारा खाटांच्या नर्सिंग होममध्ये, घराजवळ आहे म्हणून, धरू नका.

कॉलेजची इमारत बघून येणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच.

मध्य प्रदेशात तरी हा विषय ऐकीव राहिलेला नाही. उच्च न्यायालयाच्या आदेशावरून सीबीआयने राज्यातल्या नर्सिंग कॉलेजांची तपासणी केली. कित्येक कॉलेजं अपात्र निघाली, आणि मे २०२४ मध्ये तपासणी करणाऱ्यांपैकीच काहींना लाच घेतल्याबद्दल अटक झाली. या सगळ्यात २०२०-२१ ला प्रवेश घेतलेल्या मुली परीक्षाच न झाल्यामुळे वर्षानुवर्षं पहिल्या वर्षातच अडकून पडल्या. त्यांचा गुन्हा काय? कॉलेज बघताना त्यांच्या घरच्यांनी लिफ्ट बघितली, वायफाय बघितलं, हॉस्टेलची मेस बघितली. हॉस्पिटल बघितलं नाही.

नर्सिंग शिकवतो तो वॉर्ड. बी.एस्सी.च्या कॉलेजला स्वतःचं १०० खाटांचं हॉस्पिटल असावं आणि एका विद्यार्थिनीमागे तीन पेशंट मिळावेत, असा इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष आहे. कागदावर तो सगळेच पाळतात. भाचीसाठी कॉलेज शोधत होतो तेव्हा आम्ही एका ठिकाणचं 'संलग्न हॉस्पिटल' बघायला गेलो. मोठा हॉल, चाळीसेक खाटा, सगळ्यांवर पांढऱ्या चादरी. जवळ जाऊन बघितलं तर चादरींवर दुकानातल्या पाकिटाच्या घड्या तशाच होत्या, चौकोन-चौकोन. सलाईनचे स्टँड एका कोपऱ्यात, अजून प्लास्टिक गुंडाळलेले. औषधांचा वास नाही, कुणाचं खोकणं नाही. भाची माझ्या कानाशी म्हणाली, "मावशी, इथं आजारी कोण पडलंय?" आम्ही चहा न घेताच निघालो.

तुम्हीही बघायला जा, पण सुट्टीच्या दिवशी नका जाऊ. कामाच्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास, न सांगता जा. गेटवर युनिफॉर्ममधल्या मुलींना विचारा, आज तुझी पोस्टिंग कुठे? कोणत्या वॉर्डात? कालच्या पेशंटला काय झालं होतं? ज्या मुली खरंच वॉर्डात जातात त्या पटापट सांगतात, कधी तर थांबवावं लागतं. बाकीच्या एकमेकींकडे बघतात. इंदूरच्या एम.वाय.सारख्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलचं नाव कॉलेजवाल्यांनी सांगितलं तर तिथे आठवड्यातून किती दिवस, कोणत्या विभागात जायचं, हे विचारा आणि तिथल्या सिस्टरकडून खात्री करा.

मान्यता त्या-त्या सत्राची असते. गेल्या वर्षीचं पत्र फ्रेम करून लावलेलं असलं तरी त्याचा उपयोग नाही. तुमच्या प्रवेशाच्या वर्षाची मान्यता, जागांची संख्या आणि विद्यापीठाची संलग्नता, तिन्ही कागद बघितल्याशिवाय एक रुपया देऊ नका. दिला तर पावती घ्या. मूळ मार्कशीट ठेवून घेत असतील तर लेखी पोच मागा.

आणि 'नॉन-अटेंडिंग'. "घरी राहा, परीक्षेला या." हे ऐकलं की उठून या. एकदा मी मुलाखतीला बसले होते. समोरच्या मुलीकडे बी.एस्सी.ची चांगली टक्केवारी होती. मी बीपीचं यंत्र पुढे केलं. तिने कफ दंडाऐवजी कोपराच्या खाली, मनगटाकडे बांधला आणि स्टेथोस्कोप हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. मग डोळ्यांत पाणी. तिला मी काय बोलणार होते? चार वर्षांत तिला पेशंटजवळ कुणी उभंच केलं नव्हतं.

अशा कॉलेजात आधीच प्रवेश झाला असेल आणि पहिलंच सेमिस्टर चालू असेल, तर माझं स्पष्ट मत: भरलेली फी सोडा, बाहेर पडा, पुढच्या वर्षी पुन्हा प्रवेश परीक्षा द्या.

आडनाव मराठी, दाखला कुठला?

होळकरांच्या वेळेपासून इंदुरात असलेली घरं आणि कालपरवा पुण्याहून बदलून आलेली घरं, दोन्हीकडे एक गोंधळ असतो. काकू नागपूरला आहे, तिथल्या सरकारी कॉलेजात बघू. पण राज्याच्या कोट्यातल्या जागेला त्या राज्याचा मूळ निवासी दाखला लागतो, आडनाव नाही. इथल्या सरकारी कॉलेजसाठी मध्य प्रदेश कर्मचारी निवड मंडळाची पीएनएसटी ही प्रवेश परीक्षा, तिकडे महाराष्ट्राची स्वतंत्र सीईटी. जातीच्या दाखल्याचंही तेच: महाराष्ट्रातून आलेल्या घराचा तिकडचा दाखला इथे आरक्षणाला चालत नाही. नियमपुस्तिका दर वर्षी नवी येते. मैत्रिणीच्या ताईने सांगितलेलं प्रमाण न मानता ती स्वतः वाचा. दाखल्याचं काम अकरावीच्या उन्हाळ्यातच उरकून घ्या, निकालानंतर धावपळ होते.

इंग्रजीची भीती

पहिल्या वर्षी ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी आणि नर्सिंग फाउंडेशनची पुस्तकं इंग्रजीत समोर येतात आणि हिंदी-मराठी माध्यमाच्या मुली घाबरतात. बारावीनंतरच्या दोन महिन्यांत रोज दहा शब्द, नुसते पाठ न करता शरीरावर हात ठेवून म्हणत गेलात तर पुष्कळ सोपं जातं. घरात आजीचं प्रिस्क्रिप्शन असेलच. ते वाचून प्रत्येक गोळी कशासाठी आहे ते शोधा.

नावातला एक शब्द

हे फार किरकोळ वाटतं, म्हणून राहून जातं. आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं लिहायची सवय. मध्य प्रदेश बोर्डाच्या मार्कशीटवर नाव आणि आडनाव, वडिलांचं नाव वेगळ्या रकान्यात. आधारवर तिन्ही एकत्र. शिवाय इंग्रजी स्पेलिंग प्रत्येक बाबूचं वेगळं. कौन्सिलची नोंदणी, पुढे दुसऱ्या राज्यात नोंदणी नेण्यासाठी लागणारं ना-हरकत पत्र, आखाती देशांसाठीची कागदपत्रांची पडताळणी, सगळीकडे ही तफावत आडवी येते. मी शिकवलेल्या एका मुलीची बाहेरची नोकरी हातात होती आणि ती चार महिने केवळ वडिलांच्या नावाच्या एका अक्षरासाठी भोपाळला खेपा घालत होती. दहावीच्या मार्कशीटवर जे आहे तेच आधारवर, तेच प्रवेशाच्या फॉर्मवर करून घ्या. लग्नानंतर नाव बदलायचं असेल तर आधी नोंदणी पूर्ण होऊ द्या.