दंड भरून सुटलात? मग हे वाचून ठेवा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडून परदेशात नवीन आलेल्या मंडळींची पहिल्या महिन्याची कामं ठरलेली असतात: खोली, सिम, बँकेचं खातं, गाडीचं लायसन. गावाकडच्या कोर्टातली जुनी केस मात्र कुणाच्या यादीत नसते. सीमाप्रश्नासाठी १ नोव्हेंबरला निघणाऱ्या काळ्या दिनाच्या फेरीतली असेल, गणपतीच्या मिरवणुकीतल्या ढकलाढकलीची असेल, अंदर-बाहरच्या जुगाराची असेल, नाहीतर दारू पिऊन मोटारसायकल चालवल्याची. विचारलं की उत्तर एकच: "त्यात काय, पाचशे रुपये दंड भरला आणि सुटलो."

घोळ इथंच आहे. मॅजिस्ट्रेटसमोर गुन्हा कबूल करून दंड भरला की माणूस सुटत नाही, दोषी ठरतो. रक्कम किती होती, एक दिवसही आत बसलात का, याच्याशी त्याचा संबंध नाही. व्हिसाच्या फॉर्ममध्ये 'कधी दोषी ठरलात का' असं विचारलं असेल तर उत्तर 'होय' असतं. वकिलाने "कबूल करून टाक, मिटेल" म्हटलं तेव्हा तो त्या दिवसाचा विचार करत होता, तुमच्या पासपोर्टचा नव्हे.

तेव्हा आधी आपली केस नेमकी कुठं आहे ते काढा. कोर्टांच्या 'ईकोर्ट्स' या सरकारी साइटवर जिल्हा आणि कोर्ट निवडून नावावरून शोधता येतं. पण आपली नावं कन्नडमधून इंग्रजीत जाताना बदलतात, आडनाव गळतं, वडिलांचं नाव आडनावाच्या जागी बसतं. म्हणून पोलीस ठाणं, गुन्हा क्रमांक आणि साल यावरून शोधणं जास्त भरवशाचं. सापडली की सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर, म्हणजे केसचा ओळख क्रमांक, लिहून ठेवा, पुढं प्रत्येक वेळी तोच लागतो. मग वकिलामार्फत एफआयआर, दोषारोपपत्र आणि निकाल यांच्या सही-शिक्क्याच्या नकला मागवा. बहुतेक कागद कन्नडमध्ये असतात, त्यामुळे इंग्रजी भाषांतर प्रमाणित करून घ्यावं लागतं. कागदावरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव वेगळं असेल तर दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत असं प्रतिज्ञापत्र जोडा. जुनी फाइल कोर्टाने नष्ट केली असेल, तर तसं लेखी घ्या. तोही पुरावाच आहे.

आंदोलनाच्या केसमध्ये आणखी एक अडचण असते. पन्नास जणांवर एकच एफआयआर आणि सगळ्यांना तीच कलमं: भारतीय दंड विधानाची १४३, १४७, ३४१, कधी ३५३. १ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यांना त्याच्या जागी आलेल्या भारतीय न्यायसंहितेतली १८९, १९१, १२६, १३२ लागतात. १४७ म्हणजे इंग्रजीत सरळ दंगल. वकिलातीतल्या अधिकाऱ्याला सीमाप्रश्न माहीत नसतो, त्याला तो शब्द दिसतो. तुमच्यावर व्यक्तिशः काय आरोप होता, हे दाखवणारं दोषारोपपत्राचं पान म्हणूनच महत्त्वाचं. आणि "सरकारने खटले मागे घेतले" या बातमीवर विसंबू नका. सरकारने ठरवलं तरी सरकारी वकिलाने कोर्टात अर्ज द्यावा लागतो आणि कोर्टाने संमती द्यावी लागते. कोर्टाचा आदेश हातात नसेल तर खटला चालूच आहे, असं धरा.

आता पासपोर्ट. १९६७ च्या पासपोर्ट कायद्यातलं कलम ६(२)(फ) चालू खटल्यांबद्दल आहे: फौजदारी कोर्टात खटला प्रलंबित असेल तर पासपोर्ट नाकारता येतो. नुसती एफआयआर झाली आणि तपास चालू आहे, तेवढ्याने हे कलम लागत नाही. कोर्टाने दखल घेतल्यावर लागतं. यातून वाट २५ ऑगस्ट १९९३ च्या अधिसूचनेने दिली आहे. खटला चालू आहे त्या कोर्टाकडून देशाबाहेर जाण्याची परवानगी आणायची, बोलावलं तर हजर राहीन असं हमीपत्र द्यायचं, मग पासपोर्ट मिळतो. पण आदेशात मुदत लिहिलेली नसेल तर तो फक्त एका वर्षाचा निघतो. पुष्कळ देशांना पासपोर्टवर सहा महिने शिल्लक लागतात, म्हणजे वर्षाचा पासपोर्ट खरा सहा महिन्यांचाच. त्यामुळे अर्जाच्या मागणीतच वकिलाला 'दहा वर्षांसाठी' असं लिहायला सांगा. देशाबाहेर जाण्याची परवानगी न लिहिता नुसतं 'हरकत नाही' असं मोघम लिहून आणलेला आदेश बहुधा परत येतो. परदेशातून नूतनीकरण करतानाही पडताळणी गावाकडेच जाते, तेव्हा मुदत संपायच्या आधी निदान आठ-दहा महिने कामाला लागा.

चंदगड किंवा कोल्हापूरचा पत्ता दाखवून पुण्याच्या कार्यालयातून पासपोर्ट काढायची सीमाभागातली जुनी युक्ती कुणी सुचवेलच. पोलिसांच्या नोंदी आता राज्याच्या हद्दीवर अडत नाहीत. शिवाय माहिती दडवली तर कलम १२ खाली दोन वर्षांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. किरकोळ केस होती, ती तुम्ही स्वतःच्या हाताने मोठी केलीत.

देशागणिक प्रश्न बदलतो. अमेरिकेचा डीएस-१६० फॉर्म अटकेबद्दलही विचारतो, म्हणजे निर्दोष सुटलात तरी अटक झाली असेल तर 'होय'. त्यांचा कायदा आधी बघतो की गुन्हा नैतिक अधःपतनाचा (चोरी, फसवणूक यांसारखा) आहे का. असला तरी एकच गुन्हा, त्याची कमाल शिक्षा एका वर्षापर्यंत आणि दिलेली सहा महिन्यांपर्यंत असेल, तर किरकोळ म्हणून सूट आहे. गांजाला ती नाही. खोटं सापडलं तर दार कायमचं बंद, माफीचा अर्ज तेवढा उरतो. ब्रिटनला थोड्या मुदतीसाठी जायचं आणि शिक्षा फक्त दंडाची, तर निकालापासून बारा महिने उलटू द्या, त्याआधी अर्ज करणं म्हणजे फीचे पैसे पाण्यात. गाडी चालवण्याबद्दलचे दंडही तिथं विचारतात. आखातात नोकरीच्या व्हिसाला पोलीस क्लिअरन्स मागतात. त्याची फी पाचशे रुपये, अर्ज पासपोर्ट सेवेच्या साइटवर.

कॅनडाचं नीट समजून घ्या, कारण आपली पोरं तिथंच जास्त अडकतात. १८ डिसेंबर २०१८ पासून तिथं दारू पिऊन गाडी चालवणं हा दहा वर्षांपर्यंत कैदेचा, म्हणजे गंभीर गुन्हा आहे. तुमचा भारतातला गुन्हा ते त्यांच्या कायद्याशी ताडून बघतात. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या १८५ खाली रक्ताच्या १०० मिलिलिटरमध्ये ३० मिलिग्रॅमच्या वर गेलं की केस, कॅनडाची मर्यादा ८०. म्हणजे तुमचा आकडा ४५ असेल तर त्या मर्यादेपुरता गुन्हा जुळत नाही, ११० असेल तर जुळतो. म्हणून यंत्रातून निघालेली आकड्याची चिठ्ठी, किंवा तो आकडा लिहिलेलं दोषारोपपत्राचं पान, सोन्यासारखं जपा. गुन्हा जुळला तर शिक्षा पूर्ण होऊन पाच वर्षांनी पुनर्वसनाचा, म्हणजे जुना गुन्हा प्रवेशाच्या आड येऊ नये यासाठीचा, अर्ज करता येतो, तोवर तात्पुरता परवाना मागावा लागतो आणि तो अधिकाऱ्याच्या मर्जीवर असतो. अर्जात खोटं लिहिलंत तर पाच वर्षं बंदी.

केस चालू ठेवून आलेल्यांनी तारखांकडे दुर्लक्ष करू नये. वकिलाने गैरहजेरीच्या माफीचा अर्ज प्रत्येक तारखेला द्यायला हवा. एक-दोन तारखा चुकल्या की जामीनपात्र, मग अजामीनपात्र वॉरंट, आणि वॉरंट निघालं की पासपोर्ट नाकारायला तेवढंच कारण पुरतं. गावी जाऊन बेळगावचा कुंदा खाण्याआधी तुरुंगाची हवा नको असेल, तर तिकीट काढण्यापूर्वी सीएनआर नंबर टाकून केसची स्थिती बघा. वॉरंट असेल तर ते मागे घ्यायला बहुतेक वेळा स्वतः उभं राहावं लागतं, जामीनदारही लागतो. त्यासाठी कोर्टाचे कामाचे चार-पाच दिवस हाताशी ठेवा. गणपतीला येऊन तेवढ्यात उरकू म्हणणाऱ्यांनी एवढं बघावं की चतुर्थीला कोर्ट बंद असतं.