चेंडूचा व्हिडिओ ‘ट्रॅकर’मध्ये टाकताय? या चुका टाळा

मोबाइलवर चेंडू पडतानाचा व्हिडिओ घ्यायचा, ‘ट्रॅकर’ या व्हिडिओतली हालचाल मोजणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडायचा आणि गुरुत्वत्वरण काढायचं. फिजिक्सच्या प्रॅक्टिकलसाठी याहून स्वस्त प्रयोग सापडणं कठीण. उत्तर ९.८ (मीटर प्रति सेकंद वर्ग) च्या आसपास यायला हवं. ते १५.३ किंवा ०.१५ आलं, तर गणित पुन्हा तपासण्याआधी व्हिडिओची फाइल तपासा.

फाइल उघडतच नाही, किंवा काळा पडदा दिसतो? मग ती बहुधा एचईव्हीसी म्हणजे एच.२६५ या व्हिडिओ दाबून साठवण्याच्या पद्धतीची आहे. आयफोनमध्ये कॅमेऱ्याच्या ‘फॉरमॅट्स’मध्ये ‘मोस्ट कंपॅटिबल’ निवडा. अँड्रॉइडवर व्हिडिओच्या सेटिंगमध्ये एच.२६४ शोधा. आधीच घेतलेला व्हिडिओ ‘हँडब्रेक’ या मोफत सॉफ्टवेअरमधून एच.२६४ मध्ये बदलून घेता येतो.

न उघडणारी फाइल परवडली, निदान चूक लगेच कळते. खरा धोका आहे तो निमूट उघडून चुकीची वेळ सांगणाऱ्या फाइलचा. उजेड कमी पडला की बरेच फोन ३० ऐवजी सेकंदाला २४ फ्रेम (म्हणजे स्थिर चित्रं) घेऊ लागतात, कधीकधी तर रेकॉर्डिंग चालू असतानाच. सॉफ्टवेअरने ३० धरल्या तर वेळ कमी मोजली जाते. त्वरणात वेळेचा वर्ग येतो, म्हणून ९.८ चे थेट १५.३ होतात.

स्लो-मोशनमध्ये नेमकं उलटं. २४० फ्रेमने घेतलेला व्हिडिओ ३० ने चालतो असं धरलं की वेळ आठपट होते आणि त्वरण ६४ पट कमी, म्हणजे ०.१५. ट्रॅकरच्या ‘क्लिप सेटिंग्ज’मध्ये खरा फ्रेमरेट (सेकंदाला किती फ्रेम) स्वतः भरा. बोलिंग ॲक्शन बघायला ‘किनोव्हिया’ हे असंच सॉफ्टवेअर वापरत असाल, तर तिथेही हाय-स्पीड कॅमेऱ्याचा वेग वेगळा सांगावा लागतो.

हँडब्रेकमध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडायला विसरू नका. त्याचा नेहमीचा ‘फास्ट १०८०पी३०’ प्रीसेट (तयार सेटिंग) जसाच्या तसा वापरलात, तर ६० किंवा २४० फ्रेमच्या व्हिडिओतल्या जादा फ्रेम तो गाळून टाकतो. शिवाय फोनने न घेतलेल्या फ्रेम कुठलंच सॉफ्टवेअर आणून देत नाही. रिकाम्या जागी तीच फ्रेम दोनदा बसते आणि चेंडू हवेत क्षणभर थबकल्यासारखा दिसतो. म्हणून माझं मत विचाराल तर भर उन्हात शूटिंग करा. फ्रेमरेट घसरत नाही, चेंडू फराटा होऊन दिसत नाही. ट्यूबलाइटचा उजेड मात्र सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो, आणि स्लो-मोशनमध्ये ती लुकलुक चेंडू आपोआप शोधणाऱ्या ऑटोट्रॅकरला चकवते.

व्हिडिओ व्हॉट्सॲपवरून लॅपटॉपवर पाठवायचा असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर तो दाबून लहान केला जातो. केबल असेल तर उत्तमच.

उभा धरून घेतलेला व्हिडिओ आडवा उघडला, तर हँडब्रेकमधून काढा किंवा ट्रॅकरचा रोटेट फिल्टर लावा. मोबाइल हातात धरू नका, स्टँडवर लावा. स्टॅबिलायझेशन बंद ठेवा, कारण त्यात फोन चित्र आपल्या मर्जीने सरकवतो.

आणि ट्रॅकरला खरं अंतर कळावं म्हणून चित्रात ठेवलेली मोजपट्टी चेंडू पडतो त्याच प्रतलात, म्हणजे फोनपासून तितक्याच अंतरावर हवी. फोनपासून चेंडू २ मीटरवर आणि पट्टी त्यामागे २० सेंटिमीटरवर भिंतीला टेकवलेली असेल, तर प्रत्येक अंतर १० टक्के जास्त भरतं आणि बाकी सगळं बरोबर असूनही उत्तर १०.८ येतं.