कॉलेजात नसलेला विषय घरून करायचा तर

सुरुवात कोर्सपासून करू नका, परीक्षाकेंद्रापासून करा. आम्ही उलटं केलं. मुलीच्या सोलापुरातल्या कॉलेजात ‘एपी कॅल्क्युलस बीसी’ (परदेशी प्रवेशासाठी देतात ती अमेरिकेच्या कॉलेज बोर्डाची गणिताची परीक्षा) कोणी ऐकलेलंही नव्हतं, म्हणून ती जुलैपासून घरीच शिकत बसली, आणि पेपरला पुण्याला जावं लागणार हे ऑक्टोबरात कळलं. परीक्षा मेमध्ये असली तरी नोंदणी दिवाळीच्या आगेमागेच उरकते. तेव्हा आधी केंद्राला फोन करून बाहेरचा विद्यार्थी घेता का, ओळखपत्र कोणतं चालतं, ते विचारा. फी डॉलरमध्ये असते, कार्डावर परदेशी व्यवहार सुरू आहेत का तेही बघा. आणि पेपर द्यायला कोर्स केलाच पाहिजे अशी अट नाही, हे क्लासवाले आपणहून सांगत नाहीत.

मग बारावीचं गणिताचं पुस्तक आणि एपीचा अभ्यासक्रम शेजारी ठेवून पेन्सिलीनं खुणा करा. डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन, डिफरन्शियल इक्वेशन आपल्या बोर्डातही आहेत. नवीन म्हणजे अनंत श्रेणी, टेलर सिरीज आणि पोलर कर्व्हचं क्षेत्रफळ. वेळ तिथंच द्या. पेपर सव्वातीन तासांचा, ४५ बहुपर्यायी प्रश्न आणि ६ लेखी. लेखीत ‘कारण द्या’ म्हणतात आणि आपली पोरं तिथं अडतात. स्टेप्स घडाघडा येतात, दोन वाक्यं इंग्रजीत लिहायची म्हटली की पेन थांबतं. रोज एक तरी कारण लिहून घ्या.

बहुपर्यायी प्रश्न लॅपटॉपवर ‘ब्लूबुक’ अ‍ॅपमध्ये असतात, लेखी उत्तरं कागदावर. हे अ‍ॅप मोबाइलवर चालत नाही. त्यातच ‘डेस्मॉस’ हा आलेख काढणारा कॅल्क्युलेटर आहे. लॉग टेबलवर वाढलेल्या मुलांचा हात त्यावर बसायला महिना जातो.

अमेरिकेतला लाइव्ह क्लास घेणार असाल तर घड्याळ बघा. न्यूयॉर्कचे रात्रीचे आठ म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांची घड्याळं मागं जातात, मग मार्चपर्यंत साडेसहा. आमच्याकडं नळाला पाणी चार-पाच दिवसांनी, तेही नेमकं पहाटे. मोटार, बादल्या, पिंप आणि टेलर सिरीज एकत्र जमत नाही हो. आम्ही रेकॉर्ड केलेल्या तासांवर आलो. खान अ‍ॅकॅडमीवर हा सगळा अभ्यासक्रम फुकट आहे. सोलापूरच्या पूर्व भागात राहत असाल तर यंत्रमागांच्या खटखटीसाठी कानावर घट्ट बसणारा हेडफोन तेवढा घ्या.

परदेशी जायचं नसेल तर मात्र एपीच्या नादी लागू नका. सीईटीला त्याचा एक मार्क मिळत नाही. निव्वळ गोडी असेल तर ‘स्वयम्’वर अकरावी-बारावीचे आणि ‘एनपीटेल’वर आयआयटीचे तास आहेत.

वेळापत्रकात जानेवारीतला गड्ड्याचा, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेचा, आठवडा कोराच सोडा, नाहीतरी पोरं बसत नाहीत. फेब्रुवारी-मार्च बोर्डाचे. पुढं सीईटीची तारीख मेच्या पेपरवर येते का, ते जाहीर होताच बघा.

पेपर सकाळी आठचा असेल तर सोलापूरहून सकाळी सुटणारी हुतात्मा एक्स्प्रेस उपयोगाची नाही, ती पुण्याला पोचेपर्यंत निम्मा पेपर झालेला असतो. आदल्या दिवशीच निघा. पिशवीत कडक भाकरी, शेंगा चटणी आणि लॅपटॉपचा चार्जर. आम्ही चार्जर विसरलो होतो.