कास फुलायच्या आत जुना लॅपटॉप तयार ठेवा

दरवर्षी तेच होतं. सप्टेंबरात कासच्या पठारावर फुलं बघायला जायचं, रविवारची गर्दी नको म्हणून मधल्या वारी पहाटेच साताऱ्यातून निघायचं, तीनचारशे रॉ फोटो (जेपेग न केलेला कॅमेऱ्याचा कच्चा डेटा) काढून आणायचे आणि मग लॅपटॉप एकेका फोटोला असा अडकून बसतो की दिवाळी आली तरी सीतेची आसवं (तिथली जांभळी फुलं) मेमरी कार्डातच. यंदा मी जुलैतच बसलोय, तसंही पावसात बाहेर पडता येत नाही, तर माझ्यासारखाच 4 जीबी रॅमवाला जुना लॅपटॉप आणि त्यावर लिनक्स असेल तर तुम्हीपण आत्ताच उरका.

पहिली रॅम, बाकी सगळं नंतर. 24 मेगापिक्सेलची रॉ फाइल डिस्कवर 25-30 एमबीची दिसते म्हणून आपण फसतो, पण डार्कटेबल (रॉ फोटो एडिट करायचं फुकट सॉफ्टवेअर) आत काम करतं तेव्हा प्रत्येक पिक्सेलला 4 आकडे, प्रत्येक आकड्याला 4 बाइट, म्हणजे 16 बाइट, आणि गुणिले 2 कोटी 40 लाख पिक्सेल म्हणजे जवळपास 384 एमबी, ही फक्त एक प्रत झाली. प्रत्येक मोड्यूलला (त्यातलं एकेक सुधारणा करणारं हत्यार) आत घ्यायला एक आणि बाहेर द्यायला एक अशा दोन तरी लागतात. स्लायडर हलवताना ते स्क्रीनपुरताच छोटा फोटो वापरतं म्हणून बरं चाललेलं वाटतं आणि एक्स्पोर्ट (तयार जेपेग काढणं) दाबलं की पूर्ण साइज येते, तिथं दम निघतो. मेमरी पुरली नाही तर ते फोटोचे तुकडे पाडून करतं, होतं पण लय वेळ लागतो. म्हणून मागचं झाकण उघडून दुसरा स्लॉट रिकामा आहे का ते बघा, 8 जीबी झाली तर निम्मं दुखणं गेलं. घ्यायच्या आधी आपली डीडीआर3 आहे का डीडीआर3एल ते नीट वाचा, व्होल्टेज वेगळं असतं. बारीक लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच चिकटवलेली असते, तिथं विषय संपला, मग झेडरॅम चालू करा, ते रॅममध्येच डेटा दाबून बसवतं. आणि हार्डडिस्क अजून फिरणारी असेल तर साधी एसएसडी टाका.

डेस्कटॉप हलका, लिनक्स मिंटचा एक्सएफसीई बास. एडिटिंगला बसताना ब्राउझर बंद, ह्याला पर्याय नाही, वीस टॅब उघडे ठेवून मग सॉफ्टवेअरला शिव्या देणारे लय बघितलेत (मी पण त्यातलाच).

सॉफ्टवेअर सगळी टाकू नका. डार्कटेबल नाहीतर रॉथेरपी, दोन्हीतलं एकच नीट शिका. डार्कटेबल घेतलं तर सेटिंगमध्ये रिसोर्सेस 'स्मॉल'वर ठेवा, जुन्या इंटेल ग्राफिक्सवर ओपनसीएलच्या (ग्राफिक्स चिपकडून काम करून घ्यायची सोय) मागं लागू नका, आणि डीनॉइज (फोटोतले दाणे काढणारं), डिफ्यूज ऑर शार्पन ही जड मोड्यूल सगळ्यात शेवटी चालू करा. रॉथेरपीत शार्पनिंग आणि नॉइजचा फरक 100 टक्के झूमलाच खरा कळतो, लांबून बघून स्लायडर ओढत बसू नका. कॅमेरा नवीन असेल तर लिनक्ससोबत मिळणारं सॉफ्टवेअरचं जुनं व्हर्जन त्याची रॉ उघडेलच असं नाही, एक फाइल आत्ताच उघडून बघा. गिम्प (फोटोशॉपसारखं फुकट सॉफ्टवेअर) फक्त शेवटच्या कामाला, नाव टाकायला, कुणाच्या डोक्यावरची तार पुसायला. त्यात सिस्टिम रिसोर्सेसमध्ये टाइल कॅश (गिम्पनं किती रॅम वापरायची ती मर्यादा) रॅमच्या निम्म्यावर आणा, लेयर कमी ठेवा. मराठी नाव टाकायचं असेल तर मुक्तासारखा युनिकोड फॉन्ट आधीच टाकून घ्या.

आता लाईट. आपल्याकडं पावसात लाईट कधी जाईल सांगता येत नाही आणि जुन्या लॅपटॉपची बॅटरी नावालाच. डार्कटेबल केलेला बदल फोटोशेजारच्या एक्सएमपी फाइलमध्ये आपणहून लिहीत असतं, मूळ रॉला हात लावत नाही, म्हणून तिथं फार नुकसान नाही, पण गिम्प आपणहून सेव्ह करत नाही, कंट्रोल एस हाताला लावून घ्या. बॅकअप घेताना त्या एक्सएमपी पण कॉपी करा, मी एकदा नुसत्या रॉ उचलल्या आणि दोन रात्रींचं काम पेनड्राइव्हच्या बाहेरच राहिलं. शेजारी विंडोज पण असेल तर त्यातलं फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर ते पार्टिशन लिनक्समध्ये फक्त वाचता येतं, लिहिता येत नाही.

रंगाचं एक राहिलं. रात्री स्क्रीन पिवळी करणारं नाइट लाइट बंद करा, नाहीतर तेरड्याचा गुलाबी सकाळी भलताच निघतो. स्वस्त स्क्रीनवर झाकण जरा कललं तरी जांभळा बदलतो, म्हणून झाकणाचा कोन ठरवून तिथंच ठेवा आणि एक जेपेग एसआरजीबीत (नेहमीच्या स्क्रीनची रंगपद्धत) काढून फोनवर पडताळा.

हे सगळं झालं की गेल्या वर्षीचे दहा फोटो घ्या, एडिट करा, एक्स्पोर्टला लावा आणि घड्याळ बघा. माझे काल रात्री लावले, चहा ठेवून आलो तर सातवा चालू होता. आता कार्ड रीडर तेवढा सापडत नाहीये.