ग्लोव्हजची ॲलर्जी हातापुरती समजताय? या चुका टाळा

ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) कुणी ग्लोव्हज ओढून काढले की फट् आवाज होतो आणि पांढरी धूळ उडते. ती पावडर म्हणजे मक्याचं स्टार्च. दोष तिचा कमीच; रबराच्या चिकातली, म्हणजे लॅटेक्समधली प्रथिनं तिला चिकटतात आणि तिच्याबरोबर हवेत तरंगतात. लॅटेक्सची तीव्र ॲलर्जी असलेल्या सिस्टरला मग ग्लोव्हला हातही लावावा लागत नाही. श्वास घेतला तरी पुरतं.

म्हणून पहिली चूक हीच: "तिला नायट्राइलचे (लॅटेक्स नसलेल्या कृत्रिम रबराचे) दिलेत ना, मग झालं." नाही झालं. शेजारचे चौघे पावडरचं लॅटेक्स घालत असतील तर तिचे ग्लोव्हज बदलून काय उपयोग? साध्या मास्कच्या कडेनेही हवा आत येतेच. बदलायचे ते अख्ख्या ओटीचे. अमेरिकेत एफडीए या औषध-नियामक संस्थेने जानेवारी २०१७ पासून पावडरच्या ग्लोव्हजवर बंदीच आणली. आपल्याकडे ते खोके अजून येतात, स्वस्त पडतात म्हणून. (खरेदी करणाऱ्याला ओटीत थोडंच उभं राहायचं असतं!)

दुसरी चूक, "एसीची सर्दी आहे." ड्युटीवर शिंका, डोळ्यांना खाज, छातीत घरघर आणि सुट्टीवर गेलं की सगळं गायब, असं होत असेल तर तपासणी करून घ्या. केळं, किवी किंवा ॲव्होकॅडो खाल्ल्यावर तोंडाला खाज सुटते का, तेही डॉक्टरांना सांगा. हातांवर एक-दोन दिवसांनी उठणारं पुरळ बहुधा रबरातल्या रसायनांचं असतं; तो वेगळा प्रकार.

तिसरी चूक जिवावर बेतते. सिस्टरच्या अंगावर गांधी, घसा आवळल्यासारखा, बीपी घसरतंय, आणि आपण आधी ॲव्हिल (ॲलर्जीचं नेहमीचं औषध) आणि हायड्रोकॉर्टिसोन (स्टेरॉइड) शोधतो. सवयच तशी. पण पहिलं औषध ॲड्रेनालिन: मोठ्या माणसाला एक मिलिग्रॅमच्या अँपूलमधलं अर्धं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. पाच मिनिटांत फरक नाही तर पुन्हा. तिला आडवं करून पाय वर घ्या. धाप लागली असेल तर बसू द्या. "चल, कॅज्युअल्टीत जाऊ" म्हणून चालवत नेऊ नका. बरं वाटलं तरी लगेच घरी धाडू नका, काही तासांनी त्रास उलटू शकतो.

आणि या धावपळीत सलाईन लावायला येणाऱ्याच्या हातात कुठले ग्लोव्हज आहेत ते बघा. दंडाला बांधायचा पट्टाही बऱ्याचदा लॅटेक्सचाच असतो.