वैशाखातला सह्याद्री: चालावे कमी, बसावे जास्त

मार्च संपला की पुण्यातली बहुतेक ट्रेकर मंडळी सॅक माळ्यावर टाकतात आणि पहिल्या पावसाची वाट पाहू लागतात. निसर्ग पाहण्यासाठी डोंगरात जाणाऱ्याने मात्र असे करू नये. एप्रिल-मेमध्ये गवत वाळलेले असते, पानगळीची झाडे विरळ झालेली असतात आणि ओढ्यांचे पाणी आटून काही डोहांपुरतेच उरलेले असते. त्यामुळे एरवी रानभर विखुरलेले पक्षी आणि प्राणी याच काळात ठरावीक जागी येतात. त्यासाठी शिखर गाठण्याचा हट्ट तेवढा सोडावा लागतो. पाणी कुठे शिल्लक आहे ते शोधावे, ऊन चढण्याआधी तिथे पोहोचावे आणि सावलीत स्वस्थ बसून राहावे, एवढीच या दिवसांतली रीत आहे.

वेळेचे गणित आधी पक्के करावे. मे महिन्यात पुण्यात सूर्य सहाच्या सुमारास उगवतो आणि त्याच्या वीस-पंचवीस मिनिटे आधीपासून वाट दिसण्याइतके उजाडलेले असते. त्या उजेडात चालायला लागावे आणि साडेनऊच्या पुढे चढ चढू नये. सकाळचे ऊन पूर्वेच्या उतारावर थेट पडते, म्हणून चढाईसाठी डोंगराच्या पश्चिम अंगाची वाट निवडली तर तासभर जास्त सावली मिळते. नकाशा पाहताना अंतराइतकेच लक्ष या गोष्टीकडे द्यावे. १३-१४ मेच्या सुमारास पुण्यात सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि क्षणभर सावली पायाखाली जाते. त्या आठवड्यात दुपारी डोंगराच्या कोणत्याच अंगाला आडोसा नसतो. अशा वेळी झाडाखालीच थांबावे. सोंडेवरची उघडी चाल दुपारी टाळावी, आणि साडेचारनंतरच पुन्हा पाय हलवावेत.

पाणी माणशी किमान तीन-चार लिटर घ्यावे. गडावरच्या टाक्यांच्या भरवशावर कमी पाणी नेऊ नये, कारण मेमध्ये अनेक टाकी तळाला गेलेली असतात आणि उरलेले पाणी हिरवे असते. नुसते पाणी पीत राहिल्याने घामावाटे गेलेले मीठ भरून निघत नाही. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून केलेले मिश्रण एका बाटलीत वेगळे ठेवावे. पन्हे, कोकम सरबत, दही-भात, काकडी हे सगळे उत्तम; फरसाणाची पाकिटे मात्र घरीच ठेवावीत, त्यांनी तहान वाढते. सुती, पूर्ण बाह्यांचा, मातकट रंगाचा सदरा उन्हासाठी सोयीचा आणि पक्ष्यांनाही न बुजवणारा असतो. डोके दुखणे, मळमळणे, पोटऱ्यांत गोळे येणे ही पहिली सूचना समजून तिथेच थांबावे. सोबती असंबद्ध बोलू लागला, त्याचे अंग तापले किंवा घाम येणे थांबले, तर तो उष्माघात असू शकतो: त्याला सावलीत आडवे करून अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा, शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नये आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

सरावाला लांब जाण्याची गरज नाही. वेताळ टेकडीवरच्या जुन्या खाणीत पाणी साठते आणि पहाटे तिथे मोरांचा आवाज हमखास ऐकू येतो. एखादा रविवार तिथे दुर्बीण घेऊन नुसते बसण्याचा सराव करावा. पहिल्या वीस मिनिटांत काहीही दिसत नाही, हे तिथेच अंगवळणी पडते. त्यानंतर सिंहगडाचा पायथा गाठावा. गडाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर आहे आणि सुट्टीच्या दिवशी आतकरवाडीची वाट माणसांनी फुललेली असते, पण पाहण्यासारखे बरेचसे खाली ओढ्याच्या झाडीतच आहे. उन्हाळ्यात या ओढ्यात अधूनमधून राहणाऱ्या पाण्यावर स्वर्गीय नर्तक हा पक्षी येतो. पूर्ण वाढलेला नर पांढराशुभ्र, डोके आणि तुरा काळाभोर, आणि शेपटीतून निघालेल्या दोन लांब फिती. तरुण नर आणि मादी तांबूस असतात. तो काठावर बसून पाणी पीत नाही. वरच्या फांदीवरून सूर मारतो, पाण्याला छाती टेकवतो, त्याच झेपेत वर जातो, आणि असे तीन-चार वेळा करून मग पिसे साफ करत बसतो. त्याचे घरटे पातळ फांदीच्या बेचक्यात, कोळ्याच्या जाळ्याने बांधलेल्या लहानशा वाटीएवढे असते आणि बरेचदा ओढ्यावर झुकलेल्या फांदीवर असते. घरटे दिसले तर जवळ जाऊ नये, फांद्या बाजूला करू नयेत आणि मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नये. विणीच्या दिवसांत हा आवाज त्याला प्रतिस्पर्धी वाटतो आणि तो पिल्ले सोडून भांडायला येतो. चांगल्या छायाचित्राच्या नावाखाली हा प्रकार सर्रास चालतो आणि तो निव्वळ त्रास देणे आहे.

मेच्या उत्तरार्धात त्याच झाडीत नवरंगाची दोन सुरांची शीळ ऐकू येते. हा पक्षी पावसाच्या तोंडावर विणीसाठी येतो आणि जमिनीवर पाला उलटत हिंडतो, म्हणून नजर फांद्यांवर न ठेवता बुंध्यांच्या आसपास ठेवावी. पावशाची चढत जाणारी हाक, तांबटाची ठकठक, ओढ्याच्या कपारीतून येणारी शीळकरी कस्तूराची माणसासारखी शीळ हे सगळे कानांनीच टिपायचे असते. उंबर किंवा वडाला फळे लागलेली दिसली तर तिथे अर्धा तास द्यावाच. महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल हिरव्या पानांत इतका बेमालूम मिसळतो की फळ खाली पडल्याचा आवाज आला तरच तो आहे हे कळते.

पूर्ण दिवस मोकळा असेल तर भीमाशंकरला जावे. पुण्याहून मंचर किंवा राजगुरुनगरमार्गे हे अंतर सुमारे ११० किलोमीटर आहे. पहाटे तिथे असायचे तर शुक्रवारी रात्री किंवा शनिवारी दुपारी निघून जवळच्या गावात मुक्काम करावा लागतो. मंदिर आणि अभयारण्यातले प्रवेशाचे नियम वेळोवेळी बदलतात, म्हणून निघण्याआधी वन विभागाकडे चौकशी करावी. इथले सदाहरित रान मेमध्येही गर्द असते आणि तिथेच राज्यप्राणी शेकरू, म्हणजे मोठी खार, राहतो. त्याला शोधण्यासाठी आधी घरटी शोधावीत: उंच झाडांच्या टोकाकडच्या बारीक फांद्यांवर, जिथे जड शिकारी प्राणी पोहोचू शकत नाही, काटक्या आणि पानांचे मोठे गोळे दिसतात. एकच शेकरू अशी अनेक घरटी बांधते, त्यामुळे घरटे दिसले म्हणजे प्राणी आत आहेच असे नाही. पण आसपास कुरतडलेल्या फळांचे ताजे तुकडे पडलेले असतील तर थांबण्यात अर्थ आहे. धोका जाणवला की ते मोठ्याने खडखडाटासारखा आवाज करते, आणि बहुधा त्याच आवाजाने त्याचा पत्ता लागतो. मंदिराजवळच्या गर्दीत खाऊला सोकावलेल्या माकडांपेक्षा, थोडे पुढे आहुप्याच्या बाजूला शांत रान जास्त देते. त्या भागातल्या देवरायांत, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानांत, चप्पल काढून, फूल-पान न तोडता जावे. हा गावाचा नियम आहे आणि त्यानेच ती झाडे टिकली आहेत. १९७०च्या दशकात परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी पश्चिम घाटातल्या देवरायांचा जो अभ्यास केला, त्यातही श्रद्धेने राखलेल्या या रानांचे मोल ठळकपणे पुढे आले.

वाटेवरच्या फुफाट्याकडे मुद्दाम लक्ष द्यावे. उन्हाळी धुळीत रात्रीचे ठसे स्वच्छ उमटतात आणि सूर्य तिरपा असताना ते सर्वांत चांगले वाचता येतात. गोलसर, नखांची खूण नसलेला ठसा मांजरकुळातला. पुढे नखांचे ठिपके असतील तर कुत्रा, कोल्हा किंवा तरस. बिबट्याचा ठसा दिसला म्हणून घाबरून जाऊ नये, मात्र अंधारात एकट्याने चालू नये आणि मुलांना मधे ठेवावे. कातळावर करवंदाच्या बियांनी भरलेली विष्ठा दिसली तर ती बहुधा उदमांजराची. करवंदे खायची तर जाळीतली थोडीच तोडावीत आणि उरलेली हौस वाटेवर द्रोण घेऊन बसलेल्या बायकांकडून विकत घेऊन भागवावी. आतून लाल निघाले तर कोंबडा, पांढरे निघाले तर कोंबडी हा खेळ मोठ्यांनीही खेळायला हरकत नाही.

काजव्यांसाठी मेचा शेवटचा आठवडा ते पावसाने जोर धरेपर्यंतचे दिवस धरावेत. राजमाची, ताम्हिणी, भंडारदरा ही पुण्याहून नेहमीची ठिकाणे. वळिवाचा एखादा शिडकावा झाल्यावर, ढगाळ आणि वारा पडलेल्या रात्री ते जास्त दिसतात. पौर्णिमेच्या आसपास जाऊ नये. नर उडत लुकलुकतात आणि झाडाझुडपांवर बसलेली मादी त्याला उत्तर देते, म्हणून आपल्या टॉर्चचा, गाडीच्या दिव्यांचा किंवा फ्लॅशचा उजेड म्हणजे या संवादात थेट खोडा. टॉर्चवर लाल जिलेटिन कागद लावावा, ती फक्त पायाकडे धरावी, पायवाट सोडून झुडपांत शिरू नये. सुट्टीच्या रात्री या घाटांत गाड्यांच्या रांगा लागतात. शक्य असेल तर आठवड्यातला मधला वार निवडावा. गावातल्या घरी जेवण आणि मुक्काम आधी फोन करून ठरवावा, आणि भाव करताना त्या गावात मेमध्ये पाणी किती लांबून आणावे लागते ते लक्षात ठेवावे. वैशाख पौर्णिमेच्या रात्री वन विभाग काही अभयारण्यांत पाणवठ्यांवरच्या मचाणांवर नोंदणी केलेल्यांना बसू देतो. तो अनुभव हवा असेल तर अर्ज वेळेत करावा.

धोके उन्हापुरते नाहीत. वाळलेल्या गवताखालचा मुरूम पावसाळ्यातल्या चिखलापेक्षा जास्त फसवा असतो; अशा घसाऱ्यावर उतरताना काठी हवी आणि बुटाचे तळवे झिजलेले नकोत. कातळकड्यांना आग्या मधमाश्यांची पोळी लटकलेली असतात. त्यांच्याखाली अत्तर लावून जाणे, विडी-सिगारेट पेटवणे, आरडाओरडा करणे हे सगळे संकटाला आमंत्रण. माश्या उठल्या तर हात न झटकता, तोंड-मान झाकून जितके लांब पळता येईल तितके पळावे. अंगातले काटे नखाने खरवडून लगेच काढावेत, कारण त्यांच्या वासाने आणखी माश्या येतात. दुपारनंतर पश्चिमेला ढग रचू लागले की माची आणि बुरूज सोडून खाली यावे, एकट्या झाडाखाली किंवा लोखंडी रेलिंगला धरून थांबू नये. आणि चूल पेटवू नये, अगदी चहापुरतीसुद्धा: एका ठिणगीने लागलेला वणवा जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची पूर्ण वीण घेऊन जातो. कुठे आग दिसली तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

घरी आल्यावर मोजे आणि गुडघ्यामागचा भाग गोचिडांसाठी तपासावा, आणि त्याच संध्याकाळी वहीत नोंद करावी: तारीख, वेळ, जागा, पाणी किती होते, कोणते झाड फुलावर किंवा फळावर होते, काय दिसले आणि काय नुसते ऐकले. ई-बर्डसारख्या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी टाकली तर ती इतरांच्याही कामी येते. घरट्याची आणि शेकरूच्या झाडाची नेमकी जागा मात्र समाजमाध्यमांवर टाकू नये; पुढच्या रविवारी तिथे पन्नास कॅमेरे उभे असतात.