काळ्या पाण्यावर, म्हणजे ऑस्ट्रेलियाला, पाठवलेल्या इंग्लिश कैदी बाईचा माग कसा काढावा

सुरुवात नावापासून करू नका, जहाजापासून करा. मेरी ब्राउन, ॲन स्मिथ अशा नावांच्या बायका ढिगाने सापडतात आणि पकडल्यावर भलतंच नाव सांगणाऱ्याही पुष्कळ होत्या. व्हॅन डीमेन्स लँडच्या, म्हणजे आजच्या टास्मानियाच्या, सरकारी दप्तरात ही अडचण ओळखून बाईच्या नावासोबत ती ज्या जहाजातून उतरली त्याचं नाव लिहीत. लग्नाच्या परवानगीच्या अर्जातसुद्धा ते असतं. नाव आणि जहाज अशी जोडी हाताशी ठेवा, म्हणजे दुसरीच्याच मागे जाणं टळेल.

मी जन्मभर कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये काम केलं. आरोपीबद्दल दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचायचं आणि त्यातून माणूस शोधायचा, ही सवय तिथली. निवृत्त झाल्यावर या बायकांच्या कागदांना हात लावला आणि त्यांनी मला सोडलं नाही. १७८८ ते १८६८ या काळात ऑस्ट्रेलियाला सुमारे १,६२,००० कैदी पाठवले गेले. त्यांत बायका सुमारे २५,०००, आणि त्यांतल्या निम्म्याच्या आसपास टास्मानियात उतरल्या. तिथलं दप्तर फार तपशीलवार आहे आणि घरबसल्या फुकट पाहता येतं, म्हणून नवख्याने तिथलीच बाई निवडावी.

खटला लंडनचा असेल तर ओल्ड बेलीच्या, म्हणजे तिथल्या फौजदारी कोर्टाच्या, छापील कामकाजात शोधा. १६७४ ते १९१३ पर्यंतचं सगळं इंटरनेटवर आहे. शिक्षेचा आकडा पाहून पान उलटू नका. काय चोरलं, कोणाकडून, साक्ष कोणी दिली, ते वाचा. मालकिणीचा झगा, चादरी, गहाण टाकलेले चमचे... तिचं रोजचं जग त्या यादीत दिसतं. ऐवज ३९ शिलिंगांचा ठरवलेला दिसला तर थांबा. राहत्या घरातून ४० शिलिंगांची चोरी म्हणजे एके काळी फाशी होती, आणि बाईचा जीव वाचावा म्हणून ज्यूरी मुद्दाम किंमत खाली आणत.

प्रवासासाठी जहाजावरच्या सर्जनची रोजनिशी बघा. अशा बऱ्याच रोजनिश्या लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात जपलेल्या आहेत. काही जहाजांची माहिती आणखी वाटेनेही मिळते. ‘राजा’ नावाचं जहाज १८४१ च्या एप्रिलमध्ये वूलिचहून निघालं आणि जुलैमध्ये टास्मानियातल्या होबार्ट बंदराला पोचलं. तुरुंगसुधारणेसाठी झटणाऱ्या एलिझाबेथ फ्रायच्या मंडळातल्या बायकांनी दिलेल्या सुया, दोरा आणि कापडाचे तुकडे घेऊन त्यावरच्या कैदी बायकांनी वाटेत एक मोठी गोधडी शिवली. ती आज कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात आहे.

आता मुख्य कागद: टास्मानियाच्या दप्तरातली चालचलन नोंदवही. तिथल्या कैद्यांच्या कागदांच्या मालिका ‘कॉन’ (कन्व्हिक्ट, म्हणजे कैदी) आणि पुढे आकडा अशा ओळखतात. १८४३ पर्यंत आलेल्या बायकांसाठी ‘कॉन ४०’ आणि १८४४ नंतरच्यांसाठी ‘कॉन ४१’ ही मालिका. सोबत ‘कॉन १९’ मधलं वर्णन घ्या. अनवाणी उंची, डोळ्यांचा रंग, व्रण, दंडावर गोंदलेली अक्षरं. ती अक्षरं लिहून ठेवा, कित्येकदा ती नवऱ्याची किंवा मुलांच्या नावांची असतात.

या कैदी बायकांना लोकांच्या घरी नोकरीला देत. त्यामुळे नोंदवहीचं पान दाटीवाटीने लिहिलेलं असतं. कामावरून परवानगीविना गैरहजर, उद्धट बोलणं, दारू प्यालेली. पुढे सजा: एकांतकोठडीत पाव आणि पाणी, किंवा फीमेल फॅक्टरीत, म्हणजे बायकांच्या तुरुंगवजा कामघरात, धुणं धुण्याचं काम. हे वाचून बाई वाईट चालीची होती, असा निकाल कृपा करून देऊ नका. तक्रार मालकाची, निवाडा मॅजिस्ट्रेटचा, लेखणी कारकुनाची. तिचं म्हणणं त्यात बहुधा नसतंच. माझ्या मते या पानावरचं सर्वांत मोलाचं काम म्हणजे तारखा एका उभ्या ओळीत मांडून मधली मोकळी जागा मोजणं. नोंद व्हायची ती गुन्ह्याची आणि सजेची. सरळ गेलेल्या दिवसांची कोणी दखल घेत नसे. दोन शेऱ्यांमध्ये तीन वर्षं गेली असतील, तर ती तीन वर्षं तिने काम केलं, निभावलं, कदाचित बऱ्या घरात राहिली. तिच्या आयुष्याचा मोठा भाग त्या मोकळ्या जागेत आहे.

होबार्टच्या कॅस्केड्स फॅक्टरीत (१८२८ मध्ये सुरू झाली) तिची रवानगी पुन्हा पुन्हा दिसली, तर मुलाच्या जन्माची नोंद तपासा. नोकरीत असताना दिवस गेले की तिला फॅक्टरीत परत धाडत. बाळंतपण तिथेच व्हायचं आणि मुलाचं अंगावरचं दूध तुटलं की तिला शिक्षेच्या वर्गात टाकत. बाळाचा बाप मात्र कागदावर सहसा सापडत नाही. तिथल्या बाळांच्या खोल्यांत मृत्यू फार होते. जगलेली मुलं दोन-तीन वर्षांची झाली की होबार्टजवळच्या न्यू टाउनच्या अनाथशाळेत जात. तिथल्या प्रवेशाच्या नोंदी आईच्या नावाने आणि जहाजाने जुळवून पाहा. हे काम सावकाश करा. मला तरी ही पानं एका बैठकीत वाचवत नाहीत.

लग्नाच्या परवानगीसाठी ‘कॉन ५२’. परवानगी मिळाली म्हणजे लग्न लागलंच असं नाही, तेव्हा लग्नाची नोंद वेगळी शोधा. पुढे तिकीट ऑफ लीव्ह (मुदत संपण्याआधी स्वतःसाठी काम करण्याची मुभा), सशर्त माफी किंवा मुदत संपल्याची तारीख येते. सात वर्षांची शिक्षा असेल तर ती मुदत खटल्याच्या दिवसापासून मोजत, जहाज लागल्याच्या दिवसापासून नाही. सुटल्यावर परतीचं भाडं सरकार देत नसे, त्यामुळे बहुतेक जणी तिथेच राहिल्या.

इथून पुढे नवऱ्याच्या आडनावाने शोधा. टास्मानियात जन्म, लग्न, मृत्यूची सरकारी नोंद १८३८ च्या अखेरीस सुरू झाली. जुनी वर्तमानपत्रं ट्रोव्ह या ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर आहेत. नावाच्या स्पेलिंगचे निदान चार प्रकार टाकून पाहा, कारण कारकून कानाला ऐकू येईल तसं लिहीत. फीमेल कन्व्हिक्ट्स रिसर्च सेंटरच्या माहितीसंचात तिच्याबद्दल आधीच काही जमा आहे का तेही पाहा, आणि तुम्हाला एखादी तारीख नव्याने सापडली तर त्यांना कळवा.